अठ्ठेचाळीस मात्रा

४ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. सुरुवातीला तीर्थरूप वगैरे लिहिलं की तू म्हणतेस, काय मागायचंय ते आधी सांग. म्हणून नुसता नमस्कार. मागायचं काही नाही.

छापखान्यातलं काम सोडलं. (मीच सोडलं, काढलं नाही. पुढच्या पत्रात विचारशील म्हणून आत्ताच लिहिते.) आता एका रंगमंच बांधणाऱ्याकडे लागलेय. त्याला आम्ही सगळे फळीवाला म्हणतो, तोंडावरसुद्धा. उघड्यावर कुठे कार्यक्रम असला की हा फळ्या, लोखंडी पाय आणि वायरींची भेंडोळी घेऊन जातो आणि काल जिथे काही नव्हतं तिथे दोन दिवसांत रंगमंच उभा करतो. मी स्क्रू पिळते, वायरी ओढते. या पोरीचं बूड एका जागी टिकत नाही असं तू म्हणायचीस ना, इथे टिकवावं लागतच नाही.

सध्याचं काम तर ऐकच. इथे एक तरणतलाव आहे, पाच वर्षं कोरडा. निळ्या फरशा, कडेला खोलीचे आकडे रंगवलेले, एका टोकाला तीन फूट आणि दुसऱ्या टोकाला नऊ. लोक वर पायऱ्यांवर बसणार आणि कार्यक्रम खाली तळाला. परवा आम्ही त्यात पियानो उतरवला. तीन फुटाच्या बाजूने फळ्यांचा उतार केला, वर फळीवाल्याने दोर धरला, खाली आम्ही चौघं छाती लावून उभे. अर्ध्यावर आल्यावर आतून आपोआप एक सूर वाजला. इतका खोल की आमच्या छातीत घुमला. विजेवाला म्हणाला, घाबरलाय बिचारा. मग सूर लावणारा म्हातारा आला, दोन तास कान लावून बसला, आणि तेवढा वेळ आम्हाला हातोडी उचलायची बंदी. मी कडेला बसून फरशा मोजल्या. बाराशे झाल्यावर नाद सोडला.

हे बघ, मूळ गोष्ट राहिलीच. जाहिराती चिकटवायचं काम माझ्याकडे होतं. गुंडाळी उलगडली तर आत ताई. आपली ताई, तुझी मुलगी. एक हात वर, डोळे खाली. शेजारी लिहिलेलं की शास्त्रीय नृत्य, साथीला पियानो, दोन व्हायोलिनं आणि चेलो. चार भिंतींवर तिला चिकटवलं, पाचवीला हात थांबला.

घरात तिचा विषय निघत नाही हे मला ठाऊक आहे. पण मी इथे तिच्यासाठी फळ्या ठोकायच्या आणि तुला कळवायचं नाही, हे काही जमेना. ती अजून आलेली नाही. आली तर समोर जाऊ की लपून राहू ते कळव. कार्यक्रम वीस तारखेला, ऊन उतरताना.

तुझी,
भिंगरी

•

९ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र पोचलं. अक्षर सुधारलेलं नाही. ते वाचायला थोरलीला बसवावं लागलं, आणि तिनेही दोनदा चष्मा पुसला.

घरात तिचा विषय निघत नाही हे खरं नाही. थोरली रोज काढते. गुडघ्यांमुळे मी खुर्चीत बसल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, माझ्या शिष्यांत थोरली म्हणून वर्ग तीच चालवते, पण नव्या मुलींना सांगताना म्हणते, ताई हा हात असा नेत असे. मी ऐकलं नाही असं दाखवते.

आता नीट वाच. या महिनाअखेर मी वर्ग सोडतेय. गुडघे चढताना शिव्या देतात आणि उतरताना ओरडतात, त्यांचं एकदा ऐकायला हवं. वर्ग जिच्या हाती जाईल तिच्याच पायात माझी घुंगरं जातील. माझ्या गुरुजींनी ती मला एकटीला दिली, मीही एकीलाच देणार. सात वर्षांपूर्वी ताईला द्यायची होती. दिवस ठरला होता. आदल्या आठवड्यात ती म्हणाली, मला पियानोवर नाचायचंय. मी म्हणाले, त्या वाजवण्याला सम नसते, आणि जिथे परतायला घर नाही तिथे कितीही फिरलीस तरी काय उपयोग. घुंगरं पेटीत राहिली, ती निघून गेली. पुढचं तुला माहीत आहे. तेव्हा तू माजघराच्या दाराआड उभी राहून सगळं ऐकत होतीस.

तू कार्यक्रम बघ आणि सगळं लिहून सांग. फोनवर चित्रण करून पाठवू नकोस. त्यात पाय आधी पडतो आणि आवाज मागून येतो, थोरलीने एकदा दाखवलं होतं. मला हवी आहे ती गोष्ट त्या फटीतच हरवते. तिलाही विचारू नकोस. आपल्या वर्गाचा नियम तुला पाठ आहे: नाचणारीने आपली सम आपण सांगायची नाही, ताल धरणारीने सांगायची.

तुला नाच आला नाही, एका जागी बसणं आलं नाही, शाळेचं तर बोलायलाच नको. पण आठ वर्षं माझ्या वर्गात पाटावर हात मारून ताल धरलास आणि तुझा हात एकदाही चुकला नाही. मला त्या हाताचं मत हवं. शेवटचा तुकडा सुरू झाला की मांडीवर मोजायला लाग. शेवटी तिचा पाय समेवर पडला तर घुंगरं तिची, मी स्वतः पत्र लिहून तिला बोलावीन. नाही पडला तर थोरलीची.

तिला यातलं काही कळता कामा नये. लपायचं की नाही ते तूच ठरव. लहानपणी तुला ते छान जमायचं.

आत्या

•

२१ फेब्रुवारी

आत्या,

कालच लिहायला बसले होते, पण फळ्या उचलायच्या होत्या आणि हात इतके दुखत होते की पेन धरवेना. आज सगळं लिहिते.

मी लपले नाही आणि समोरही गेले नाही. चेहऱ्यावर टोपी ओढून चेलोच्या मागे, वायरींपाशी बसले. ताई बारीक झालीय. कानाशी थोडे केस पांढरे. सरावाला आली तेव्हा आधी अनवाणी सगळ्या फळ्यांवरून फिरली, एकेक फळी टाचेने दाबून पाहिली. डाव्या कोपऱ्यातली एक कुरकुरते. फळीवाला म्हणाला, बदलतो. ती म्हणाली, राहू दे, ती कुठे आहे ते कळलं म्हणजे झालं.

तिच्या पायात घुंगरं नव्हती. सरावाला नव्हती, कार्यक्रमालाही नव्हती. हे तुला सांगावं की नाही याचा विचार केला, पण सगळं सांग म्हणालीस.

ऊन पायऱ्यांवरून वर सरकत गेलं आणि तळ सावलीत आला तेव्हा त्यांनी सुरू केलं. वाजवणं कसलं ते मला धड सांगता येणार नाही. आपल्याकडे तंबोरा आधी घर बांधून ठेवतो, मग माणूस आत शिरतो. इथे तसं नव्हतं. एक व्हायोलिन निघालं, त्याच्या मागून दुसरं, जसं कुणी कुणाला शोधायला निघावं. ताई मध्ये उभी, बराच वेळ हललीच नाही. मग तिने नुसती मान वळवली, आणि आत्या, पायऱ्यांवर बसलेल्या सगळ्यांनी तिकडे पाहिलं, जसं काही तिथून खरंच कुणी येतंय.

मधल्या तुकड्यात ती पाणी भरत होती. तू शिकवलेलंच, वाकून घागर बुडवायची, कमरेवर घ्यायची. पण ती जसजशी भरत गेली तसतशी तिची नजर घागरीवरून सुटून तळावर पसरत गेली. घोट्यापर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं. मग तिने हात अलगद वर घेतले, पाण्यात उभ्या माणसाचे तरंगतात तसे. नऊ फुटाच्या टोकाला कडेवर पाय सोडून बसलेल्या एका बाईने पाय वर घेतले. मी तिच्याकडे पाहत राहिले. तिला स्वतःलाही कळलं नव्हतं. पाच वर्षं कोरडा तलाव, आणि ती बाई पाय पोटाशी घेऊन बसलेली.

घुंगरं नाहीत, त्यामुळे पाय नुसता पाय वाजत होता. फळीवर टाच, फळीवर तळवा. फरशांवरून त्याचा आवाज परत यायचा.

मग शेवटचा तुकडा. मी मांडीवर मोजायला लागले. विजेवाला शेजारी होता, त्याने विचारलं डास मारतेस का. त्याला कुजबुजत समजावलं की हा सोळा मात्रांचा फेरा आहे, सोळा झाल्या की परत एकपासून, आणि त्या पहिल्या एकला सम म्हणतात. नाचणारा कुठेही भटको, शेवटी पाय तिथे पडायला हवा. तो म्हणाला, पण हे तर एक-दोन-तीन, एक-दोन-तीन वाजवतायत. मी म्हटलं, तू तुझे दिवे बघ.

पहिल्या सोळा संपल्या, माझी टाळी पडली, तेव्हा ताई एका पायावर होती. दुसऱ्या संपल्या तेव्हा गिरकीच्या ऐन मध्ये. वारा सुटला होता, वाजवणाऱ्यांचे कागद फडफडत होते, कपड्यांचे चिमटे लावले होते तरी. तिसऱ्या सोळांनंतर वाजवणं थांबलं. ताई उभी होती, हात खाली येत होते.

समेवर नाही आली, आत्या.

लोक उठून उभे राहिले. सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या. मला भेटायला जावंसं वाटलं नाही. आता इथलं सामान बांधून शेजारच्या गावी जातोय, तिथे एका शाळेच्या पटांगणात काम आहे. एप्रिलात पुन्हा इथेच येऊ.

भिंगरी

•

२७ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र मिळालं. पूर्ण लिहिलंस, बरं केलंस.

काल सकाळी वर्गात सगळ्या मुलींसमोर थोरलीला घुंगरं दिली. तिला आधी सांगितलं नव्हतं. पेटी उघडायला सांगितली तेव्हा तिला वाटलं, धूळ पुसायचीय, म्हणून फडकं घेऊन आली. हातात ठेवली तशी ती खाली बसली आणि म्हणाली, ही माझी नव्हेत. मी म्हणाले, ज्याला दिलीत त्याची. दिलेली वस्तू आपल्या घराण्यात परत घेत नाहीत, हे मी तिथेच सगळ्यांना ऐकवलं. नंतर कुणाच्या मनात काही राहू नये म्हणून. माझ्याही.

पाणी भरण्याचं तू लिहिलंस ते मी थोरलीला दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ती मध्येच थांबली, मीही पुढे वाच म्हणाले नाही.

घुंगरं घातली नव्हती त्याचं मला तितकं वाटलं नाही. एकदा टाकली ती टाकली. तिने तिच्या बाजूने हिशेब मिटवलाय, मी माझ्या बाजूने मिटवला.

वर्गात आता थोरलीचाच आवाज येतो. मी आतल्या खोलीत बसून ऐकते. पाटावर ताल धरायला एक नवी मुलगी आहे. हात बरा आहे, पण घाई करते. तुझ्यासारखा नाही. इतकी वर्षं तुला त्या पाटावर बसवलं त्याचं चीज झालं एकदाचं.

जेवत जा.

आत्या

•

११ मार्च

आत्या,

हे पत्र मी चार वेळा लिहायला घेतलं. एकदा तर मध्येच उठून पटांगणातल्या सगळ्या खुर्च्या रंगांप्रमाणे लावून आले. कुणी सांगितलं नव्हतं.

मी खोटं लिहिलं.

तिसऱ्या सोळा मी मोजल्याच नाहीत. दुसरं आवर्तन संपलं आणि व्हायोलिनवाल्याचा शेवटचा कागद चिमट्यातून सुटून उडाला. तो न थांबता पाठ असलेलं वाजवत राहिला, पण मी मात्र उठले आणि धावले. कागद तीन फुटाच्या बाजूला पायऱ्यांवर जाऊन अडकला. मी वाकून तो धरला तेव्हा पाठीमागे फळी वाजली, एकदाच, भरीव. तिचा पाय पडला तो आवाज मी ऐकला, आत्या. पण तेव्हा माझा हात कागदावर होता. मोजायला मोकळा नव्हता. वळले तेव्हा वाजवणं थांबलेलं आणि तिचे हात खाली येत होते.

पहिल्या दोन वेळा ती समेवर नव्हती, म्हणून तिसऱ्यांदाही नसेल असं मी धरून चालले. आणि तुला काय लिहू, की मी कागदामागे पळाले? एवढा एकच माझा गुण तू मानतेस, तोही गेला असता. म्हणून लिहिलं की नाही आली.

कागद खिशात राहिला. मग हत्यारांच्या पिशवीत. तुझं पत्र आलं, उत्तराला पाठकोरा कागद शोधत होते, तो हाती आला. उलटून पाहिलं तर त्यावर पेन्सिलीच्या खुणा, बारीक उभ्या रेघा, एकेका मात्रेला एक. आपल्या वर्गाच्या वहीत असतात तशाच, समेला फुली आणि खालीच्या मात्रेला शून्य. अक्षर ताईचं.

त्यांचं लिहिणं मला वाचता येत नाही, पण एवढं दिसतं की दर तीन ठिपक्यांनंतर एक उभी रेघ आहे. वर ताई सोळा-सोळा मोजत गेलीय. पहिली फुली येते ती तिनांतल्या मधल्या ठिपक्यावर. दुसरी येते शेवटच्या ठिपक्यावर. आणि तिसरी येते थेट पहिल्यावर, शेवटच्या एकट्या सुरावर. मी बोटांवर पाच वेळा मोजलं. तीन सोळे अठ्ठेचाळीस. ते तिनांनी गेले, ती सोळांनी गेली, आणि अठ्ठेचाळीस मात्रा संपल्या की दोघांचा पहिला आकडा एकाच जागी येतो. त्या फुलीभोवती तिने गोल काढलाय. विजेवाल्याने मला सांगितलं होतं की हे तीन मोजतायत, आणि मी त्याला दिवे बघ म्हटलं.

मी परवा ताईकडे गेले. दीड तासाचा रस्ता. तिची खोली वरच्या मजल्यावर, एक खुर्ची, एक खाट, आणि बाकी सगळी जमीन मोकळी. ती पाय कोमट पाण्यात सोडून बसली होती. टोपी काढली तशी म्हणाली, चेलोच्या मागे तूच होतीस तर, तोंडावर टोपी होती, पण हलत होता तो पाय तुझाच. मग मी सगळं सांगितलं. तुझं पत्र, पैज म्हणावी की काय ती, घुंगरं, थोरली. तिला कळता कामा नये म्हणाली होतीस. मी सांगितलं. आता एकदा बिघडवलंच होतं.

तिने पाय पुसले. कागद घेतला, पाहिला, गादीखाली ठेवला. मी विचारलं, घुंगरं का नाही बांधत? ती म्हणाली, "आईने दिलीच नाहीत, मग बांधू कुणाची?" बाजारातली का नाही, असं मी विचारलं नाही. तिने तोंड दुसरीकडे केलं होतं.

मग मी विचारलं की त्या दिवशी तू समेवर आली होतीस का. तेव्हा ती हसली, आणि तुझ्यासारखी दिसली.

"ते मी कसं सांगू? ताल धरणारीने सांगायचं असतं."

मग तिने मला जेवू घातलं, दारापर्यंत सोडलं, आणि जिन्यावरून हाक मारून म्हणाली की थोरलीला सांग, डाव्या पायाच्या घुंगरांची गाठ सैल पडते, दोनदा घालावी.

सोबत खुणांची नक्कल पाठवतेय. मूळ कागद तिच्याकडे.

माफी मागायची तर कुठल्या शब्दांत ते मला येत नाही.

भिंगरी

•

१७ मार्च

पत्र पोचलं. नक्कल पोचली. सध्या लिहायला सवड नाही.

आत्या

•

२५ मार्च

आत्या,

सवड नाही हे तू आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलंस, म्हणजे मला कळलं.

रागाव, पण एक ऐक. मी सगळ्यांना विचारून पाहिलं. पियानोवाली म्हणाली की ती शेवटी स्वतःच्या बोटांकडेच बघते, नाहीतर चुकते. चेलोवाला म्हातारा डोळे मिटून वाजवतो. व्हायोलिनवाला म्हणाला, माझा कागद उडाला होता, मी कुठे बघतोय. राहिला विजेवाला. त्याने पाहिलं होतं. त्याला विचारलं, पाय कधी पडला? म्हणाला, वाजवणं थांबलं तेव्हा. मी म्हटलं, शेवटच्या सुराबरोबर की सूर थांबल्यावर? म्हणाला, तेच की ते. मी म्हटलं, तेच नाही. पाऊण तास भांडलो. त्याला एवढंच आठवतं की त्याच्या अंगावर काटा आला. तो काटा सुराच्या आधी आला की नंतर, तेही मी विचारलं. मला वेड लागलंय असं त्याने फळीवाल्याला सांगितलं.

म्हणजे अडीचशे लोक होते, आणि ती समेवर आली की नाही हे सांगणारं कुणी नाही. एकजण होती, ती कागद धरायला गेली.

नऊ एप्रिलला तोच कार्यक्रम पुन्हा तलावात आहे. त्यानंतर तलाव बुजवणार आहेत. तू म्हणशील तर मी पुन्हा बसून मोजते. पण माझ्या हातावर तू आता का विश्वास ठेवावास, हे मलाच सांगता येत नाही. घुंगरं तर गेलीच.

थोरलीला गाठीचं सांगितलंस का?

भिंगरी

•

३१ मार्च

भिंगरे,

सांगितलं. गाठ खरंच सैल पडत होती. थोरलीने ती दोनदा घातली आणि मग बराच वेळ पाय पुढे करून तशीच बसली.

तुझ्यावर रागावले होते. अजूनही आहे. पण तो राग निम्माच तुझ्या वाट्याचा. बाकीचा माझा आहे, त्याचं काय करायचं ते मी बघते. तू कागदामागे पळालीस, तुझा स्वभाव. मी मात्र सात वर्षं घरात बसून एका वाजवण्याला घर नाही असं म्हणत राहिले आणि ते एकदाही पुरतं ऐकलं नाही. ऐकायला तुला पाठवलं. गुडघे दुखतात हे खरं, पण गुडघ्यांमुळे मी आले नाही हे खरं नाही. ती समेवर आली असती तर मला काय वाटलं असतं, त्याची भीती होती. आली नसती तर त्याचीही.

तुझी नक्कल पुढ्यात घेऊन बसले. डाव्या हाताने तीन आणि उजव्या हाताने सोळा. पहिल्यांदा उजवा घसरला. दुसऱ्यांदा डावा. या वयात माझा हात चुकला हे मुलींना दिसू नये म्हणून दार लोटून घेतलं. पाचव्या खेपेला जमलं. अठ्ठेचाळीस संपल्या आणि दोन्ही हात एकदम मांडीवर पडले. थोरली बाहेरून धावत आली. तिला वाटलं, मी पडले.

पण कागदावर आलेली सम म्हणजे पायाने घेतलेली सम नव्हे. हे मीच तुम्हा सगळ्यांना शिकवलंय, आता सोयीचं आहे म्हणून सोडणार नाही. तिच्या पायाने काय केलं ते त्या दिवशीचं त्या दिवशी गेलं. ते कुणालाच कधी कळायचं नाही.

घुंगरंही परत मागणार नाही. थोरलीने स्वतः आणून ठेवली होती पायाशी. मी उचलून तिच्या हातात दिली. दिलं ते दिलं, आणि ती ती नीट वागवेल. तुझ्या ताईला हे तू सांगू नकोस. मी सांगेन. तिला द्यायला माझ्याजवळ आता काही उरलेलं नाही, हेही मीच सांगेन.

उरलाय तो हात. तो घेऊन येते.

आठ तारखेला निघते, थोरली सोबत आहे. बसमध्ये पाय लांब करायला पुढची जागा मिळाली. पायऱ्या किती आहेत ते तू लिहिलं नाहीस, फरशा मात्र बाराशे मोजल्यास. पियानो जिथून उतरवला त्याच उतारावरून मलाही उतरवा म्हणावं त्या फळीवाल्याला, दोर नको. वर पायऱ्यांवर नको, मला खाली तळाला बसायचंय, फळ्यांच्या अगदी जवळ. खुर्ची बुटकी असू दे, पाय टेकायला हवेत. घुंगरं नाहीत म्हणतेस तेही एका परीने बरंच. पाय कुठे लपणार नाही.

तिला आधी सांगू नकोस. की सांग. मला कळत नाही. तुला योग्य वाटेल ते कर.

वाजवणाऱ्यांना तीन मोजू देत, मी सोळा मोजीन. शेवटचा तुकडा सुरू झाला की तू उठून माझ्या शेजारी येऊन बस आणि हात मांडीवर ठेव. माझा चुकला तर तुझा असू दे.

आणि कागद उडाले तर उडू देत.

आत्या